राजाबाईच्या साडेतीन मेंढ्या

शहरातल्या छावणी भागात राजाबाईला न ओळखणारा माणूस एखादा सापडेल, पण तिचा आवाज न ऐकलेला सापडणार नाही. कडुबा आचाऱ्याच्या हाताखाली लग्नाकार्यात जेवण वाढणाऱ्या ज्या बायका आहेत, त्यांची ती म्होरकी. मांडवात पाचशे पानं मांडलेली असोत, बँडवाले कान किटवत असोत, नाचून घामाघूम झालेली वरातीतली पोरं एकदमच जेवायला घुसलेली असोत, राजाबाई एका टोकाला उभी राहते, पदर खोचते आणि गरजते, "बसून घ्या! आधी बसून घ्या! भात पळून नाय चालला कुठं!" आणि माणसं बसतात. मानपानासाठी अडून बसलेले मामा बसतात, रुसलेला जावईसुद्धा बसतो.

अशा या बाईला गेल्या गणपतीत एका शिट्टीनं वेड लावलं.

झालं असं, की विसर्जनाच्या मिरवणुकीत चौकात ही गर्दी दाटली. ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, गुलालानं माखलेली पोरं, मधेच शिरलेल्या रिक्षा. आणि त्या सगळ्याच्या मधोमध खाकी कपड्यातली एक बाई उभी होती, होमगार्ड. वय राजाबाईएवढंच, अंगकाठी तिच्याहून बारीक. तिनं शिट्टी तोंडात धरली, एकदा जोरात फुंकली, हात आडवा केला, आणि अख्खा चौक जागच्या जागी थांबला. राजाबाईच्या अंगावर काटा आला. शेजारी नवरा उभा होता, सूर्यभान. कडुबाच्या भांड्यांचा टेम्पो चालवतो तो. त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढत ती म्हणाली, "अवो, हे तर माझं काम हाय!"

"तुला कशाला पायजे शिट्टी?" दंड चोळत सूर्यभान म्हणाला. "तू नुसती वरडली तरी ट्रॅक्टर मागं जातेत."

पण तिला शिट्टीच हवी होती. तशी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला ती लहानपणीच शिकलेली, मेंढरांमागं हिंडताना. आता हवी होती ती दोरीवाली, सरकारी, खाकीच्या खिशाला अडकवलेली. चौकशी केली तर कळलं, की दहावी पास पाहिजे आणि वय पन्नाशीच्या आत. राजाबाईला सेहेचाळीस सरत आलं होतं, आणि भरती काही दर साल निघत नाही. म्हणजे दहावी आता झाली तर झाली, नाही तर शिट्टीचं नाव सोडायचं.

आणि राजाबाईची शाळा तर सातवीतच सुटलेली.

सोयगावकडच्या डोंगराला लागून एक वाडी आहे, तिथं तिचा बाप फकिरा मेंढरं राखायचा. राजी त्याची थोरली. पाठचे दोघं भाऊ, हनुमान आणि सुदर्शन. हनुमान सदाचा आजारी, सुदर्शन बोलताना अडखळायचा. राजी मात्र धडधाकट, कामाला वाघीण. कोकरू खांद्यावर टाकून ओढा ओलांडायची, संध्याकाळी नुसत्या नजरेनं सांगायची की कळपात एक कमी आहे, आणि तीन दगडांच्या चुलीवर सगळ्यांच्या भाकरी थापून मगच टेकायची. पुढची शाळा सोयगावला होती. तिथं राहून शिकायचं तर सगळ्यांना धाडणं फकिराला झेपणारं नव्हतं. त्यानं दोघा पोरांना धाडलं आणि राजीला मागं ठेवलं. गुरुजी विचारायला वाडीवर आले, तर फकिरा छाती पुढं काढून म्हणाला, "राजीला काय शिकवायचं, गुरुजी? राजी पुरी हाय. ही दोघं अर्धीमुर्धी हायेत, त्यांना लागंल शिक्षण." राजी तिथंच उभी होती. तिला ते ऐकून लई बरं वाटलं. बापानं चारचौघांत पुरी म्हणावं, म्हणजे काय थोडं झालं!

तर या पुऱ्या बाईनं आता सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. मार्चमध्ये सगळे पेपर दिले. मराठी तिच्या जिभेवरच होती. हिंदी छावणीच्या बाजारात भाजीवाल्यांशी घासाघीस करून पक्की झालेली. इंग्रजीनं घाम फोडला, पण तीही कशीबशी तरली. गणितात मात्र गेली. तिथंही सगळ्यात नाही. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्रिकोणाचे कोनही बरे जमायचे. पण समीकरणात अपूर्णांक आला, की घोडं पेंड खायचं. एक्सच्या खाली दोन, एक्सच्या खाली तीन असं काही दिसलं रे दिसलं, की उत्तर हमखास चुकायचं. आणि असली गणितं पेपरात पेरल्यासारखी. जुलैत फेरपरीक्षा होती. तेवढं गणित सुटलं की दहावी झाली.

गल्लीत तनुजा राहते. बी.एस्सी. झालेली पोर, घरीच शिकवणी घेते. तिनं राजाबाईची गणितं तपासली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "मावशी, दहावीच्या पोरांत बसू नका. तुमचं अडलंय ते आठवीतलं. आठवीच्या मुलींत बसा."

दुसरी एखादी लाजून घरी गेली असती. राजाबाई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही, पेन आणि मेथीची जुडी घेऊन आठवीच्या पोरींच्या मधोमध मांडी घालून बसली. पोरी खिदळायला लागल्या. "हसा बाई हसा," ती म्हणाली, "पण मला उत्तर सांगू नका. आणि हसून झालं की मेथी निवडू लागा." पहिल्याच दिवशी पोरी तिच्या झाल्या.

तनुजानं मुद्दाम तिच्यासाठी मेंढरांचं गणित घातलं. "एक कळप आहे, मावशी. त्यातली निम्मी मेंढरं चरायला गेली. तिसरा हिस्सा ओढ्यावर पाणी पितोय. मेंढवाड्यात सात उरली. तर सगळा कळप केवढा?" कळप किती ते ठाऊक नाही म्हणून त्याला एक्स म्हणायचं, असं सांगून तिनं फळ्यावर लिहिलं:

x/2 + x/3 + 7 = x

"हे खाली बसलेत ना, दोन आणि तीन, हे छेद. हेच तुम्हाला छळतात. मग त्यांना घालवूनच द्यायचं. दोन आणि तीन, दोघांनीही पूर्ण भाग जातो असा लहानात लहान आकडा कोणता?"

"सहा," राजाबाईनं मेथीतून मान वर न काढता सांगितलं.

"शाब्बास! हा झाला लसावि. आता सगळ्यांना सहानं गुणा. छेद आपोआप उडतील."

राजाबाईनं वही ओढली. निम्म्या एक्सला सहानं गुणलं, तीन एक्स झाले. तिसऱ्या हिश्श्याला गुणलं, दोन एक्स. पलीकडच्या एक्सलाही गुणलं, कारण तो बिचारा अजून कोण आहे, किती आहे, काहीच पत्ता नव्हता. झाले सहा एक्स. सातला मात्र तिनं हात लावला नाही. पाच एक्स आणि सात म्हणजे सहा एक्स, तर एक्स म्हणजे सात. "सात!" तिनं जाहीर केलं.

"मावशी, सातची निम्मी किती?"

"साडेतीन."

"मग साडेतीन मेंढ्या चरायला गेल्या?"

 खोलीत जो हशा उसळला, तो रस्त्यापर्यंत गेला. सगळ्यात मोठ्यानं हसली ती राजाबाईच. डोळे पुसत म्हणाली, "तोंडाकडची अर्धी गेली असंल गं! शेपटाकडची चरंल कशी? आणि सातच्या सात वाड्यात उरल्यात, मंग चरायला गेलं कोण?" त्या दिवसापासून पोरींनी तिचं नाव साडेतीन मावशी ठेवलं.

हसण्यात चूक काही वाहून गेली नाही. दुसऱ्या दिवशी तीच, तिसऱ्या दिवशी तीच. तनुजा सांगायची, की प्रत्येक पदाला गुणायचं, पूर्ण आकड्यालाही. राजाबाई मान डोलवायची, आणि पुढच्याच गणितात पूर्ण आकड्याला तसाच कोरडा सोडायची. नियम तिला पाठ होता. पटत नव्हता, एवढंच. शेवटी एकदा तिनं पेन खाली ठेवला आणि भांडायलाच बसली.

"तनुताई, मला एक सांगा. ज्याच्याखाली छेद हाय, तो अर्धा हाय, पाव हाय. त्याला गरज हाय, त्याला द्या. माझं काय बी म्हननं नाय. पर हा सात? हा तर पुरा हाय! भरल्या पानात आनिक कशाला वाढायचं? वाया जातं अन्न."

तनुजानं कपाळाला हात लावला. तिनं तराजू काढून दाखवला, दोन पारडी काढली, इकडं टाकलं तर तिकडंही टाकायचं म्हणून सांगितलं. राजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. पण इतकी वर्षं मांडवात काढलेली बाई ती. कुणाच्या पानात किती आहे, कुणाला आता घास जात नाही, कुणी लाजून नको म्हणतंय, हे तिला तीन पानं अलीकडूनच कळायचं. अन्न टाकलेलं तिला खपत नसे. तीच नजर समीकरणावरून फिरायची, आणि भरलेलं पान दिसलं की हात आपसूक पुढं सरकायचा. तराजूची पारडी त्या नजरेपुढं टिकेनात.

फेरपरीक्षा जवळ आली तशी तिची चिडचिड वाढली. सूर्यभानाच्या चहात कधी साखर पडेना, कधी पत्ती. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे कबूल करायची तिला सवय नव्हती. पोरी खुशाल पुढच्या धड्याला गेल्या, ही तिथंच.

मग आलं लासूर स्टेशनचं लग्न.

शहरातली लग्नं आता बुफेवर गेलीत, प्लेट हातात धरून उभ्यानं जेवायचं. पण लासूरच्या या मंडळींनी कडुबाला निक्षून सांगितलेलं, की आमच्याकडं माणूस पंगतीत बसूनच जेवणार. कडुबा खूश, राजाबाई त्याच्याहून खूश. टळटळीत दुपारी मांडवात पंगत बसली. भाजी, वरण-भात, पुऱ्या वाढून झाल्या आणि बुंदीचा पहिला फेरा निघाला. बुंदीची बादली होती विशाखाच्या हातात. ही नवी पोर, कामावरचा तिचा पहिलाच दिवस. वाढत वाढत ती एका जाडजूड पाहुण्यापाशी आली. त्यांच्या पानात आधीच सगळ्याचा डोंगर झालेला. विशाखा थबकली, तिनं पान बघितलं, आणि त्यांना ओलांडून शेजारच्याला वाढायला वाकली.

दुसऱ्या टोकावरून, वरणाची बादली हातात धरलेली राजाबाई कडाडली, "ए विशाखा! मागं ये! मानूस कामून सोडला?"

"मावशी, त्यांचं पान भरलेलं हाय."

"भरलेलं असू दे! पहिल्या फेऱ्यात पान बघायचं नसतं गं! पहिला फेरा समद्यांना! कुनाला नको, कुनाला जास्ती, ते दुसऱ्या फेऱ्याला इचारायचं. पहिल्या फेऱ्यात एक जरी मानूस सुटला, तर पंगत..."

आणि राजाबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ही रीत तिनं आजवर किती नव्या पोरींना सांगितली असेल, त्याला गणती नाही. पहिला फेरा भूक बघून घालायचा नसतो. तो मानाचा असतो. उपाशी असो की पोट भरलेला, गरीब असो की सावकार, ओळीत बसला म्हणजे त्याच्या पानात पडलंच पाहिजे. एकाला वगळलं तर तो पंक्तिभेद झाला, मग बाकीच्यांना कितीही वाढा, ती पंगत नासली. हे सगळं तिला अंगवळणी पडलेलं, आणि तिनं ते इतके दिवस नको तिथं विसरावं! समोर ओळीनं पानं मांडलेली. एक अर्धं, एक पाऊण, आणि त्यांच्या मधोमध भरल्या पानाचा तो पाहुणा.

"सात!" राजाबाई किंचाळली. पाहुण्यांच्या हातातली पुरी खाली पडली. "हाच तो सात! कडुबा, ही बादली धर!"

कडुबा आचाऱ्याला आजवर कुणी बादली धरायला सांगितलं नव्हतं. त्यानं गुमान धरली. राजाबाई साडी सावरत मांडवामागं धावली. तिथं टेम्पोत सूर्यभान पाय पसरून घोरत पडलेला. तिनं त्याच्या खिशातला पेन उपसला, गठ्ठ्यातली एक कागदी पत्रावळ पालथी केली आणि त्यावर मेंढरांचं गणित मांडलं. मग बादली हातात असल्यासारखी ती ओळीनं निघाली. निम्म्या एक्सला सहा वाढले, तीन एक्स. तिसऱ्या हिश्श्याला सहा, दोन एक्स. आता सात. "बस, बस, उठू नको," ती साताला म्हणाली, "पहिला फेरा हाय. तुला बी." सहा साते बेचाळीस. बरोबरच्या खुणेपलीकडं एकटा बसलेला एक्स, त्यालाही वाढलं, सहा एक्स. पाच एक्स आणि बेचाळीस म्हणजे सहा एक्स. म्हणजे एक्स बेचाळीस!

तिनं पडताळून बघितलं. निम्मी एकवीस चरायला. तिसरा हिस्सा चौदा ओढ्यावर. सात वाड्यात. एकवीस आणि चौदा पस्तीस, आणि सात बेचाळीस. एकही मेंढी मधून चिरावी लागली नाही! राजाबाईनं दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी ठोकली, की सूर्यभान उठून थेट टेम्पोची चावी शोधायला लागला.

तिनं तनुजाला फोन लावला. "तनुताई, बेचाळीस!"

"काय बेचाळीस? मावशी, तुम्ही आहात कुठं?"

"लासूरला! पंगतीत! अवो, सातला बी वाढायचं! तुमचा लसावि म्हंजी पहिला फेरा, समद्यांच्या पानात पडायला पायजे! मी येडी त्याला दुसरा फेरा समजत होते. म्हनलं, ज्याला पायजे त्यालाच वाढावं!"

पलीकडून तनुजाही ओरडली, "मावशी! अगदी हेच! थांबा, फोन ठेवू नका, आणखी एक करा. एक्सचा निम्मा, अधिक एक्सचा पाचवा हिस्सा, अधिक नऊ, बरोबर एक्स."

दुसरी पत्रावळ पालथी झाली. लसावि दहा. पाच एक्स, दोन एक्स, नऊ दाहे नव्वद, आणि पलीकडं दहा एक्स. म्हणजे तीन एक्स नव्वद, एक्स तीस. "तीस! निम्मे पंधरा, पाचवा हिस्सा सहा, आनिक नऊ. तीस! अजून घाला!" तनुजा घालत गेली, राजाबाई सोडवत गेली. मांडवातून कडुबाच्या हाका येऊ लागल्या, की दुसरा फेरा खोळंबलाय, लोकं बुंदी मागतायत. "दुसरा फेरा विशाखा बघंल!" ती टेम्पोपासूनच ओरडली. "मी अजून पहिल्यातच हाय!"

परतीच्या वाटेवर टेम्पोत ती पुढच्या सीटवर बसलेली, मांडीवर पत्रावळींचा गठ्ठा. आधी बराच वेळ तिची बडबड चालली. मग एकाएकी ती गप्प झाली, आणि सूर्यभानाला काळजी वाटायला लागली. बायको गप्प बसलेली त्यानं फार पाहिली नव्हती.

"काय झालं गं?"

"अवो, आबांनी बी हेच केलं."

"कोनतं?"

"मी पुरी हाय म्हनून मला वगळलं. अर्ध्यामुर्ध्यांच्या पानात वाढलं, आणि पुरीला तसंच कोरडं सोडून पुढं गेले."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. आपल्यावर कधी अन्याय झाला असं तिला आजवर वाटलंच नव्हतं, कारण तिच्या वाट्याला तर शाबासकी आलेली. आज पहिल्यांदा तिला बापाचा राग आला, चांगला सणसणीत आला. आणि त्याच्यापाठोपाठ मायाही आली, कारण बापाची चूक म्हणजे अगदी तिचीच चूक होती. दोघांनाही उपाशी माणूस दिसायचा. भरलेल्याला ओलांडताना वाईट वाटायचं नाही. तिनं पदरानं नाक पुसलं आणि तिथूनच वाडीवर फोन लावला.

राग बिग काही ती बोलली नाही. फक्त गणित सांगितलं. कळप, ओढा, वाड्यातली सात, सगळं रंगवून सांगितलं. फकिराला एक्स काही कळला नाही, पण मेंढरं कळली. साडेतीन मेंढ्यांवर म्हातारा खोकला लागेपर्यंत हसला. मग राजाबाई म्हणाली, "आबा, मला एवढी वर्षं कळलं नव्हतं बघा. पहिल्या फेऱ्यात पान बघायचं नसतं. भरलेलं असलं तरी वाढायचं."



"हं," फकिरा म्हणाला. "जेवली का तू?"

"नाय अजून. वाढपी मागनंच जेवतेत."

"हं," तो पुन्हा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

फेरपरीक्षेचा दिवस उजाडला. आजूबाजूला सगळी नापास झालेली कोवळी पोरंपोरी, त्यात ही एकटी काठपदराच्या साडीत. बीजगणिताचा पेपर हातात आला. तिनं तो वरून खाली वाचला, आणि खालच्या बाजूला तो बसलेला दिसला: एक्सचा तिसरा हिस्सा अधिक वायचा पाव हिस्सा बरोबर पाच, आणि एक्समधून वाय गेला तर एक. दोन अनोळखी पाहुणे, दोघांच्या खाली छेद. आणि पलीकडं एकटा पाच, पोट भरून ढेकर दिल्यासारखा निवांत.

राजाबाईला हसू फुटलं. "तुला बी वाढते, थांब," ती पुटपुटली. पर्यवेक्षक बाईंनी मान वर करून बघितलं. लसावि बारा. एक्सच्या पानात पडले चार एक्स, वायच्या पानात तीन वाय, आणि पाचच्या पानात बारा पंचे साठ. पुढचं सगळं मग उताराला लागलं. एक्स हा वायपेक्षा एकनं मोठा, म्हणून सात वाय छप्पन्न. वाय आठ, एक्स नऊ. नऊचा तिसरा हिस्सा तीन, आठाचा पाव दोन, तीन आणि दोन पाच. तिनं उत्तराखाली अशी जोरात रेघ ओढली, की कागद फाटता फाटता राहिला.

निकाल तनुजाच्या फोनवर बघितला. तनुजानं नंबर टाकला तेव्हा आठवीच्या सगळ्या पोरी तिच्या खांद्यावर चढलेल्या, आणि राजाबाई दाराकडं तोंड करून उभी. तिला बघवत नव्हतं. "मावशी!" तनुजा एवढंच म्हणाली, पण ते ज्या आवाजात म्हणाली, त्यावरूनच कळलं. पास! काठावर नाही, चांगली ऐसपैस पास! पोरींनी तिला उचलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, म्हणून मग तिनंच दोघींना उचललं. सूर्यभान बाजारात गेला आणि एक हिरवी प्लास्टिकची शिट्टी घेऊन आला. "खरी मिळंपर्यंत ही वापर," म्हणाला. त्या आठवड्यात छावणीत कुणाला दुपारची झोप लागली नाही. भरतीत पळायलाही लावतात असं कळल्यावर ती पहाटे मैदानावर पळायला जाऊ लागली, शिट्टी गळ्यात घालून.

आणि मग वाडीवरून निरोप आला. फकिरानं बोकड धरलंय, सगळ्यांनी या.

वाडीवर बोकड पडायचं ते पोराच्या बारशाला, नाही तर देवाच्या नावानं. पोरीच्या दहावीला बोकड, हे कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. सगळे सोयरेधायरे जमले. हनुमान लासूरकडून आला, सुदर्शन सोयगावातून. अंगणात पहिली पंगत मांडली, रिवाजाप्रमाणं पुरुषांची. बायका मागून. रश्श्याचं पातेलं उतरलं, आणि राजाबाईनं पदर खोचून सवयीनं बादली उचलली.

फकिरा काठी टेकत आला. म्हातारा पार वाकलेला, हात थरथरणारे. त्यानं बादलीच्या कडीला हात घातला.

"ठेव ती. पंगतीला बस."

"मी बसंल की मागनं बायकांत," राजाबाई म्हणाली. "मला काय घाई हाय, आबा? माझं काय अडलंय?"

"पहिला फेरा हाय," फकिरा म्हणाला. "पान बघायचं नसतं."

अंगणात कुणाला त्याचा अर्थ लागला नाही. राजाबाईला लागला.  हनुमान आणि सुदर्शन दोन्हीकडं सरकले, मधे जागा झाली, आणि ती आपल्या दोन्ही भावांच्या मधोमध मांडी घालून बसली. फकिरानं स्वतः बादली घेतली. रस्सा निम्मा तिच्या पानात पडला, निम्मा जमिनीवर. 

रस्सा तिखटजाळ झाला होता. राजाबाईनं भाकरी कुस्करली, खाल्ली, आणि डोळ्यांतून पाणी काढत तिखटाला नावं ठेवली. मग आयुष्यात पहिल्यांदाच तिनं पान पुढं सारलं.

"आबा," ती म्हणाली, "अजून वाढा."